खोलीतलं खोलीत

ता. ५ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

प्रबंध कधी संपणार हा बाबांचा प्रश्न तुझ्या पत्रातून पोचला. त्यांना सांग, लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो आणि तो कसा चढला हे लिहायला त्याहून जास्त. तोवर त्यांनी शेजाऱ्यांना माझं काय सांगायचं ते तूच ठरव. तुला थापा बऱ्या जमतात.

आता खरी बातमी. माझं सामान तिसऱ्या मजल्यावर चढवून देणारा उंच मुलगा तुला आठवत असेल. तो संशोधन सोडून घरी निघून गेला. त्याचं जाणं एक वेळ ठीक, पण तो गेल्याचं आम्हाला आठवड्याहून अधिक काळ कळलंच नाही. त्याच्या टेबलावरच्या कपात बुरशी आली तेव्हा कळलं. त्याच्या शेजारच्या टेबलावर मी बसते, आत्या. मला फार लाज वाटली.

म्हणून मी एक उद्योग काढला आहे. जिन्याखाली एक जुनी खोली आहे, पूर्वी तिथे वजनकाटे ठेवायचे. ऑफिसात चार खेटे घालून तिची किल्ली मिळवली. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही संशोधन करणारे सात-आठ जण तिथे बसतो. किटली आहे, खुर्च्या कुणाला पाठ नाही तर कुणाला हात नाही अशा. कुणी आपल्या प्रयोगाची फुशारकी मारायची नाही, विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि खोलीतलं खोलीत ठेवायचं. शिवाय जो एका बुधवारी आला नाही त्याच्या दारावर दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी टकटक करायची. का आला नाहीस हे विचारायचं नाही. माणूस आहे ना, एवढं बघून यायचं. विद्यापीठाच्या समुपदेशक बाई एकट्याच आहेत, त्यांच्याकडे नंबर लागायला दोन महिने जातात. पण त्या एकदा येऊन, आपल्या आवाक्याबाहेरचं काय असतं आणि तेव्हा कुणाला हाक मारायची, हे आम्हाला नीट शिकवून गेल्या.

आमच्या सरांकडेच काम करणारी एक मुलगी आहे. सगळं मोजूनमापून करते म्हणून तिला आम्ही मापटं म्हणतो. गेल्या बुधवारी ती पहिल्यांदा बोलली. तिला सारखी धडधड होते, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेते, आणि हे तिने घरीसुद्धा सांगितलेलं नाही. बोलून झाल्यावर तिने पहिल्यांदा दोन बिस्किटं खाल्ली. तुला सांगितलं म्हणजे काही बाहेर सांगितलं असं होत नाही, तू घरची. कुठे बोलू नकोस म्हणजे झालं.

मी बरी आहे. जिभेला धार आहे तशी तब्येतही ठणठणीत ठेव, आणि माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा आत्या म्हणून, आणि एकदा कापडाच्या मोठ्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या हातांवर नजर ठेवलेली बाई म्हणून. आत्याला आनंद झाला. त्या बाईला मात्र काही शंका आहेत, आणि तिला गप्प बसवणं मला कधीच जमलं नाही.

जिन्याखालची खोली, दार लावलेलं, आतलं बाहेर बोलायचं नाही, आणि कुणी आलं नाही की त्याच्या दारावर माणूस पाठवायचा. भिंगरे, हे वर्णन तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तूच म्हणाली असतीस की कुठल्यातरी बुवाच्या नादी लागलेत. किटली कुणाची? चहाचे पैसे कोण घालतं? आपली दुखणी सात जणांपुढे मांडून ती कमी होतात की सातपट होतात? आमच्या दुकानात जो फुकट काही देई त्याच्यावर मी आधी नजर ठेवायची.

आणि एक सांगू? तीन पानी पत्रात तुझ्यापुरते तीनच शब्द आहेत, मी बरी आहे. अक्षरही उतरत्या ओळीत गेलंय. तू काय खातेस, झोपतेस किती, काही पत्ता नाही. ही मापटं कोण कुठली, तिचं पान भरून. तुझं काय?

माझी उजवीकडची दाढ ठणकते आहे. तुझ्या शहरात एक चांगला दातांचा डॉक्टर आहे म्हणतात, येत्या आठवड्यात येऊन जाईन म्हणते. सवड झाली तर तुझ्याकडे डोकावेन, नाही तर राग मानू नकोस.

बाबा बरे आहेत, रोज पेपरातली कोडी चुकीची सोडवतात. जपून राहा. आशीर्वाद आहेतच, ते काही दुकानातल्यासारखे मोजून देत नाही.

तुझी,
आत्या


ता. २७ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दाढ काढलीस का? तू येऊन गेलीस असं बाबांनी कळवलं, भेटलीही नाहीस ह्याचा राग मानला आहे. पण आज भांडायला वेळ नाही.

आमच्यातलं कुणीतरी फितूर आहे.

सोमवारी सरांनी मापटंला बोलावून घेतलं. फार गोड बोलले म्हणे. तब्येत नाजूक असताना, गोळ्या चालू असताना अॅसिडजवळ उभं राहणं बरं नव्हे, काही महिने तिने वाचनालयात बसून वाचन करावं, तिच्या भल्यासाठीच सांगतो. तिच्या कामाच्या टेबलावर दुसऱ्याच दिवशी एका नव्या मुलाच्या बाटल्या आल्या. तिचं तीन वर्षांचं काम अर्ध्यावर लटकलं. गोळ्यांचं तिने सरांना सांगितलेलं नाही, घरी नाही, मैत्रिणींना नाही. फक्त आमच्या खोलीत सांगितलं.

ह्या बुधवारी सगळे आले, चहा घेऊन बसले. मग एक जण हवामानावर बोलला. माणसं हवामानावर बोलायला लागली की समजावं, खोली गेली. मापटं समोर बसली होती, माझ्याकडे बघत होती. मी तिला शब्द दिला होता, आत्या. ही खोली टिकायची असेल तर कुणी तोंड उघडलं ते मला शोधायलाच हवं. नाहीतर पुढचा माणूस असाच निघून जाईल आणि आम्हाला त्याच्या कपातल्या बुरशीवरून कळेल.

तू तीस वर्षं हेच केलंस. चोर कसा ओळखायचा ते सांग. थट्टा नको, खरं सांग.

पत्राची वाट बघते. उलट टपाली लिहिलंस तर उपकार मानीन, आणि तुझे उपकार मी सहसा मानत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
भिंगरी


ता. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दाढ काढली नाही. डॉक्टर म्हणाले राहू द्या. त्या दिवशी परतीच्या गाडीची घाई होती म्हणून आले नाही, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. सर आपल्या मनानेही काही ताडू शकतात, हा विचार तू केलास का? शिकलेली माणसं आहेत.

तू विचारलंस म्हणून सांगते. प्रामाणिक गिऱ्हाइक वस्तूकडे बघतं आणि किमतीकडे बघतं. चोराचं लक्ष वस्तूवर नसतं, माणसांवर असतं. कोण कुठे उभं आहे, कोण कुणाशी बोलतंय, हे तो टिपत असतो. तो दाराजवळ घुटमळतो. कमी बोलतो. आणि त्याचे हात रिकामे असले तरी स्वस्थ नसतात.

पण हेही ऐक. दुकानाबाहेर पाऊल पडल्याशिवाय मी कधी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तोवर तो गिऱ्हाइकच. संशय आपल्यापाशी ठेवायचा, वाटत सुटायचं नाही. आणि खरं सांगायचं तर फार शोधत बसू नये असं मला वाटतं. झालं ते झालं, खोली दुसरी मिळेल.

ह्याही पत्रात तू जेवतेस का ते नाही. बाबा विचारतात तेव्हा ती जेवते म्हणून मी सांगते. जपून, आणि आत्यावर रुसू नये.

तुझी,
आत्या


ता. १९ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सापडला. तू लिहिलं होतंस तस्साच.

आमच्यात एक घुम्या आहे. तोही आमच्याच सरांचा. पहिल्यापासून दाराजवळच्या खुर्चीत बसतो. स्वतःचं कधी काही सांगत नाही, कोण बोलतंय तिकडे न बघता बाकीच्यांकडे बघत राहतो, आणि सबंध वेळ खिशातल्या किल्ल्या चाचपतो. तुझं पत्र वाचलं आणि लख्ख प्रकाश पडला. मग दोन दिवस नजर ठेवली. दोन्ही दिवशी तो सरांच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं, आणि बाहेर आला तेव्हा मला बघून मान खाली घातली. खाई त्याला खवखवे.

संशय वाटत सुटू नको म्हणालीस, पण मी दोघांनाच सांगितलं. दोघांचे चार व्हायला काय वेळ लागतो? पुढच्या बुधवारी त्याच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तो आला, बसला, चहा घेतला, आणि सगळ्यांच्या आधी उठून गेला. कुणाला काही बोलायची गरजच नव्हती.

ह्या बुधवारी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी दार वाजवायची पाळी कुणाची, हा विषयच निघाला नाही. मी काढला नाही. फितुराला कसली टकटक?

मापटं मात्र माझ्यावर नाराज दिसते, हे मला कळत नाही. तिच्यासाठीच तर सगळं केलं. खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं आहे, थोडं थोडं. तू शिकवलंस ते कामी आलं म्हणून आधी तुलाच कळवते. ह्याचं बक्षीस म्हणून भेटशील तेव्हा तुझ्या हातचा चहा पिईन, आणि नावं ठेवणार नाही.

तुझी,
भिंगरी


ता. २५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तो मुलगा नसेल. मला कसं कळलं ते विचारू नकोस. त्याच्या दारावर जा. हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.

मला तुला एक सांगायचं आहे, ते पत्रात मावणार नाही. बाबांचा खोकला थोडा कमी झाला की येते.

तुझी,
आत्या


ता. १ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र यायच्या आधीच मापटं जाऊन आली होती. ज्या मुलीचं नुकसान झालं तीच गेली. तिने आम्हाला कुणाला विचारलं नाही. नंतर म्हणाली, त्याने सांगितलं असेल तरी दोन बुधवार तो दिसला नाही, आणि आपला नियम असा नव्हता की चांगल्या माणसांचीच दारं वाजवायची.

तो खोलीत होता. दार उघडायलाच त्याला खूप वेळ लागला. कित्येक दिवस नीट जेवला नव्हता, पडदे लावून पडून होता, आणि जगण्यात आपल्याला काही राम वाटत नाही असं त्याने तिला सरळ सांगितलं. ती तिथून हलली नाही. तिने समुपदेशक बाईंना फोन केला, बाईंनी नंबरबिंबर बाजूला ठेवून डॉक्टरांना आणलं, त्याच्या बहिणीला बोलावून घेतलं. आता तो हॉस्पिटलात आहे. बरा होईल म्हणतात. सरांच्या खोलीत तो जात होता तो रजा मागायला. त्याला केव्हापासून बरं वाटत नव्हतं. आणि तो सगळ्यांकडे बघत बसायचा ते का, हेही त्याने तिला सांगितलं. दुसऱ्यांना कसं बोलता येतं ते तो बघत होता. त्याला स्वतःला जमत नव्हतं.

मग मी सरांकडे गेले आणि तोंडावर विचारलं की मापटंचं तुम्हाला कुणी सांगितलं. सर गोंधळले. म्हणाले, तुझी आत्याच येऊन गेली की, तुला माहीत नाही? मांडीवर पिशवी घेऊन अर्धा तास बसली होती.

काखेत कळसा आणि मी त्या मुलाच्या खिशातल्या किल्ल्या मोजत होते. तुझ्यावर इतकी चिडले होते की पहिलं पत्र लिहून फाडलं. तू माझं पत्र वाचलंस, मी फितूर शोधतेय हे तुला कळलं, आणि तरी चोर कसा ओळखायचा ते मला पानभर लिहिलंस. कसं लिहवलं तुला?

पण रात्रभर विचार करून एक गोष्ट लक्षात आली आणि ती तुझ्या वागण्याहून मला जास्त लागते. तू खोलीत नव्हतीसच. खोलीतलं बाहेर नेलं ते मी. घरचं माणूस म्हणजे बाहेरचं नव्हे, असं मीच ठरवलं, मापटंला न विचारता. तिचं गुपित मी तुला बिस्किटांसकट पाठवलं. मी फितूर शोधत होते आणि ती मीच होते.

बुधवारी हे सगळ्यांना सांगायचं आहे. नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही, सर काही बोलणार नाहीत, संशय आपोआप विरून जाईल. खोलीही टिकेल कदाचित. दोन दिवस हाच हिशेब करते आहे.

भिंगरी


ता. ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

तू रागावलीस ते बरोबरच आहे. मी तुझी समजूत घालणार नाही.

दाढ दुखत नव्हती. मी तुझ्यासाठीच आले होते. तुझी पत्रं बघत होते ना मी. सगळ्यांची दुखणी त्यात, तुझं काहीच नाही. हसून लिहिणारं माणूस किती दिवस जेवलेलं नाही हे अक्षरावरून मला कळतं, आणि तू विचारल्यावर सांगणारी नव्हेस. म्हणून तुझ्या सरांना विचारायला गेले, की ही मुलगी बरी आहे ना, त्या खोलीत हिला कुणी नासवत तर नाही ना. ते म्हणाले तिथे नुसता चहा पितात. मला ते पटेना. आपलं म्हणणं खरं करायला मी म्हटलं, अहो गोळ्या घेणाऱ्या मुली येतात तिथे, तुमच्याचकडची एक आहे. नाव घेतलं नाही. तुझ्या सरांकडे तू आणि ती अशा दोनच मुली आहेत हे मला कुठे ठाऊक?

तुझं पत्र आलं तेव्हा कळलं, हे माझ्याच बोलण्याने झालं. तरी मनाला सांगितलं, मी नाव घेतलं नाही. आणि तू धंद्यातलं विचारलंस तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी लिहीत गेले. तेवढं लिहायला नको होतं. त्या मुलाच्या आईपुढे उभं राहायचं धैर्य मला नाही.

बुधवारी सांगायचं की नाही ते मी सांगणार नाही. माझा सल्ला कसा असतो ते तू बघितलंस. एवढंच लिहिते, की त्या मुलीचं कामाचं टेबल परत मिळत असेल तर मी पुन्हा सरांकडे येऊन जे काय बोलायचं ते बोलेन. आणि माझा संशय एका बाबतीत खोटा नव्हता. तू बरी नाहीस. मला नाही सांगितलंस तरी चालेल, पण कुणाला तरी सांग.

माया कमी करायची असेल तर कर. माझ्याकडून ती कमी होणार नाही.

आत्या


ता. १४ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

उभी राहून सांगितलं, तुझं नाव मागे घालून, माझं पुढे. एक मुलगी ऐकता ऐकता उठून गेली, ती पुन्हा आलेली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्या दोघांना मी संशय सांगितला होता ते जमिनीकडे बघत राहिले. मापटं म्हणाली की तिला माझा राग आहे, तो किती दिवस राहील ते तिला माहीत नाही, आणि मी घाईने माफी मागून तो संपवायचा प्रयत्न करू नये. मी बरं म्हटलं. गोळ्या घेऊनही ती काम करू शकते असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावर सरांना तिचं टेबल परत द्यावं लागलं, त्यासाठी तू यायची गरज नाही. खोलीची किल्ली आता तिच्याकडे आहे. तिने ती मागितली नव्हती, मीच दिली आणि तिने ठेवून घेतली. मी यावं की नाही ह्यावर ते सगळे माझ्यादेखत बोलले. यावं, पण इतरांसारखं यावं, असं ठरलं.

घुम्याला हॉस्पिटलात भेटायला गेले होते. मी काय केलं ते त्याला सांगितलं. तो काय म्हणाला ते तुला लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

ह्यापुढे ह्या पत्रांत खोलीतलं काही येणार नाही. एक सोडून. काल पुन्हा बुधवार होता, आणि पहिल्यांदा मी बोलले. ते माझं आहे, म्हणून तुला सांगता येतं. मी म्हटलं, उन्हाळ्यापासून मला नीट झोप लागत नाही. घास गिळवत नाही. केलेलं काम बघायला कपाट उघडते आणि लगेच बंद करते. प्रबंधाचं एक पान पुढे गेलेलं नाही, बाबांना मी खोटं कळवते. आणि ही खोली मी काढली तेव्हा मला बरं वाटलं, कारण सगळे एकमेकांकडे बघत असताना माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

बोलून झाल्यावर कुणी सल्ला दिला नाही. मी खूप रडले. समुपदेशक बाईंकडे नाव घातलं आहे.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. नको, थांब. रविवारी मी येते, मीच सांगेन.

तुझ्यावरचा राग अजून आहे, पण तो घेऊनच येते.

तुझीच,
भिंगरी